चालत परत येण्याएवढं अंतर

अव्वा आणि अप्पा आमच्या दारात आले तेव्हा देऊळ बंद होऊन काही दिवस झाले होते. त्यांच्या गावात ही बातमी पोचलीच नव्हती. तुळजापूरच्या स्टँडवर उतरून, डोक्यावर गाठोडं घेऊन, ती दोघं दर वर्षीसारखी सरळ आमच्या गल्लीत आली.

आमचं घर पुजाऱ्याचं. कर्नाटकातल्या आळंदकडची काही घरं पिढ्यान्‌पिढ्या दर्शनाला आली की आमच्याकडंच उतरतात. अव्वा-अप्पा त्यांतलेच. सत्तरीला टेकलेलं शेतकरी जोडपं, मूलबाळ नाही. बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी, मधूनच दखनी. मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून त्यांना ओळखत होते. एक रात्र राहायचं, देवीची ओटी भरायची, दुसऱ्या दिवशी जेवून निघायचं, असा त्यांचा शिरस्ता.

त्या वर्षी त्यांनी महाद्वाराबाहेरूनच हात जोडले. ओटी माझ्या नवऱ्यानं नित्यपूजेच्या वेळी आत नेऊन देवीपुढं ठेवली. आणि ती दोघं निघायच्या आधीच टीव्हीवर घोषणा झाली. सगळा देश बंद. एसटी बंद, जिल्ह्याच्या सीमा बंद, राज्याच्या तर त्याहून बंद.

सकाळी पाहते तर अप्पा गाठोडं बांधून ओसरीवर उभे.

"आमी चालत जातो," ते म्हणाले. "नळदुर्ग, मग उमरगा, मग आमचंच रान. पाय हाईत की."

"अप्पा, डोकं ठिकाणावर हाय का?" माझा नवरा म्हणाला. "रस्त्यात पोलीस हाणतेत. ऊन बघा केवढं. रहा की इथं, घर तुमचंच हाय."

अप्पा तरी पायरी उतरायला लागले. तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या हातातलं गाठोडं काढून घेतलं आणि आत नेऊन फळीवर ठेवलं. "देवीनं ठेवून घेतलंय तुमाला," त्या म्हणाल्या. अप्पांनी अव्वांकडं पाहिलं. मग दोघं ओसरीवर बसली. आम्हाला बरं वाटलं. दोन म्हाताऱ्या जिवांना उन्हात जाण्यापासून आपण वाचवलं, असं आम्ही समजत होतो.

महिन्याहून जास्त दिवस ती आमच्याकडं होती. खरं सांगायचं तर त्या सगळ्या भयाण काळात आमच्या घरात आनंद होता. माझी शाळा बंद, नवऱ्याचं देऊळ बंद. सासूबाईंना सासरे गेल्यापासून बोलायला माणूस नव्हतं, ते मिळालं. अव्वांनी मला पातळ भाकरी थापायला शिकवली, पापडासारखी, वाळवून ठेवली तर आठवडाभर टिकेल अशी. शेंगाच्या पोळ्या केल्या. दुपारी दोघी म्हाताऱ्या ज्वारी निवडत बसायच्या. एकीची कानडी दुसरीला कळत नव्हती, तरी तासन्‌तास बोलणं चालायचं. अप्पांनी आमच्या गच्चीवरच्या कुंड्यांमध्ये मेथी लावली.

मध्ये काही दिवस अव्वा स्वयंपाकघरात आल्या नाहीत. पाठ धरलीय म्हणाल्या. माडीवरच्या खोलीत पडून असायच्या, ताट तिथंच न्यावं लागे. सासूबाईंनी तेल गरम करून पाठवलं, ते त्यांनी लावून घेतलं नाही. म्हातारपण, असं आम्ही म्हणालो.

त्याच सुमाराला न्हाव्यांची दुकानं बंद म्हणून माझ्या नवऱ्यानं घरच्या मशीननं स्वतःचे केस उडवले. गल्लीतल्या दोघातिघांचे उडवले. अप्पा पुढं येऊन बसले. "माझे बी काढा. सगळे. मिश्या बी."

"मिश्या?" नवरा हसायला लागला. "अप्पा, मिश्या गेल्यावर अव्वा ओळखणार न्हाय तुमाला!"

"काढा," अप्पा म्हणाले.

गच्चीवर हा कार्यक्रम झाला. शेजारच्या गच्चीवरून लोक बघत होते, टाळ्या वाजवत होते. गुळगुळीत डोक्याचे अप्पा आणि गुळगुळीत डोक्याचा माझा नवरा यांचा मी फोटो काढला. अप्पाही थोडे हसल्यासारखे दिसतात त्यात. मग ते खाली जाऊन डोक्यावरून पाणी घेत बसले, बराच वेळ.

पुढं परवाना मिळाला. भाजीच्या टेम्पोतून त्यांना उमरग्यापर्यंत सोडायची सोय झाली. निघताना सासूबाई रडल्या. "बंद झालं म्हणून तर एवढं ऱ्हायलात," त्या म्हणाल्या. अव्वांनी त्यांच्या तोंडावरून हात फिरवला.

आम्ही ही गोष्ट नंतर कितीतरी जणांना सांगितली. लॉकडाऊनचा विषय निघाला आणि लोक आपापली दुःखं सांगायला लागले की आम्ही आमचे पाहुणे सांगायचो. ऐकणाऱ्यांनाही बरं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी चैत्राच्या तोंडावर पुन्हा कुजबुज सुरू झाली. परत लावणार म्हणे, सगळ्या देशाला, मागच्यापेक्षा कडक. कुणाचा तरी मेहुणा मंत्रालयात होता, त्यानं सांगितलेलं असायचं. किराणा दुकानापुढं रांग लागली. तेलाचे डबे, साखर, काडेपेट्या. पुण्याला कामाला गेलेली पोरं बॅगा घेऊन गावाकडं परतायला लागली. प्रसादाच्या दुकानदारांनी पेढ्यांची ऑर्डर थांबवली. रोज संध्याकाळी गल्लीतली माणसं टीव्हीपुढं बसून आता घोषणा होईल, मग होईल, म्हणून वाट बघायची. सांगायला लाज वाटते, पण या सगळ्यात सासूबाई एकदा म्हणाल्या, "अव्वा-अप्पा आले आन्‌ मग लागलं तर बरं."

आणि ते आले. सांजच्याला आले, दमलेले. अप्पांच्या मिश्या परत वाढल्या होत्या. पाय धुवून ओसरीवर टेकतात न टेकतात, तोच शेजारची बाई दारात आली. चांगली बाई, माझ्या बाळंतपणात हिनंच माझं सगळं केलेलं. पण तिच्या घरात दम्याचा पेशंट होता, आणि ती घाबरलेली होती. तोंडावर पदर धरून तिथूनच म्हणाली, "यंदा बी अडकून बसले तर हो? परमुलखातून आलेत. आमाला बी जीव हाय."

सासूबाई ताडकन उठल्या. "माझ्या घरी कोण ऱ्हावं ते तू नको सांगू."

अव्वांनी सगळं ऐकलं. मग अप्पांना कानडीत काहीतरी विचारलं. अप्पांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, "खरंच लागणार का?"

"सगळे म्हणतेत तसं," नवरा म्हणाला. "लागलं तर लागलं. मागच्यासारखं ऱ्हावा की."

सकाळी मी चहा टाकायला उठले तर ती दोघं तयार. गाठोडं अव्वांच्या काखेत. चहासुद्धा घेतला नाही. पहिली गाडी गाठायची म्हणाले. सासूबाईंनी हाताला धरलं, तर अव्वांनी हात सोडवून घेतला. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

देशभराचा लॉकडाऊन काही लागला नाही. राज्याचे निर्बंध आले, देऊळ पुन्हा बंद झालं, ते सगळं झालं. पण जे सगळे म्हणत होते ते झालं नाही. सासूबाईंनी शेजारणीशी बोलणं टाकलं. माझ्या हळदीकुंकवालाही तिला बोलावू दिलं नाही, सणाला नाही. "तिनं माझ्या पाहुण्यांना हाकललं," एवढंच म्हणायच्या. ती दोनदा येऊन दारात उभी राहिली, सासूबाई आत निघून गेल्या. नवरात्रात देऊळ उघडलं, पुढच्या वर्षी आळंदकडची बाकीची माणसं यायला लागली, पण अव्वा-अप्पा आले नाहीत. त्यांचा फोन बंद लागायचा. सासूबाई वाट बघत राहिल्या आणि त्याच वर्षी पावसाळ्यात गेल्या. कोरोना नव्हता. वय झालं होतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात टीव्हीवर परत चीनमधले दवाखाने दिसायला लागले. शाळेच्या स्टाफरूममध्ये तीच चर्चा. एक सर म्हणाले, "जानेवारीत लागतंय बघा, लिहून ठेवा." मेडिकलमध्ये मास्क परत काउंटरवर आले. माझ्या मनात एकच आलं, परत बंद झालं तर ती माणसं भेटायची राहूनच जातील. नवऱ्याला देवळात सेवा होती. मी एकटीच निघाले. नळदुर्ग, उमरगा, तिथून कर्नाटकची बस. बसमध्येही लोक तेच बोलत होते, कुणी मराठीत, कुणी कानडीत.

रानात तूर काढणीला आलेली. गावात दोनतीन ठिकाणी विचारल्यावर घर सापडलं. अप्पा उन्हात बाजेवर बसले होते. मला पाहून अव्वा "यव्वा!" म्हणून धावत आल्या आणि गळ्यात पडल्या. ज्या माणसांना आम्ही दुखावलं असं धरून चाललो होतो, त्यांच्या चेहऱ्यावर रागाचं काही दिसत नव्हतं.

सासूबाई गेल्याचं सांगितलं. अव्वा खाली बसून रडल्या. थोड्या वेळानं मी विषय काढला. शेजारीण बोलली ते मनाला लावून घेऊ नका, सासूबाईंनी तिच्याशी बोलणंसुद्धा टाकलं होतं, असं म्हणाले.

"शेजारीण?" अव्वा गोंधळल्या. "तिचं काय? ती भ्याली होती. आमी तिच्यामुळं न्हाई गेलो."

"मग?"

अव्वांनी अप्पांकडं पाहिलं. अप्पांनी मान वळवली. मग अव्वांनी सांगितलं.

अप्पांना थोरला भाऊ होता. डोळ्यांनी आंधळा, लग्न न झालेला, आयुष्यभर यांच्याच घरी. त्या पहिल्या वर्षी दोन दिवसांचा प्रश्न म्हणून त्याला शेजाऱ्यांच्या भरवशावर ठेवून ती दोघं आली होती. शेजाऱ्यांनी बघितलं, भाकरी दिली. पण त्याला सवय अप्पांच्या हाताची. रोज दारात बसून, बस आली का, विचारायचा. मग ताप आला. मग एक दिवस अप्पांच्या फोनवर गावाकडून फोन आला. भाऊ गेला होता, चुलत पुतण्यानं अग्नी दिला होता.

"तुमच्याच माडीवर होतो आमी," अव्वा म्हणाल्या. "सांगायचं कसं? पुजाऱ्याचं घर. तुमच्या चुलीवरून देवीला निवद जातो. आमाला सुतक. सांगितलं तर तुमाला अडचण, आन्‌ आमी जायचं कुठं? म्हणून मी खाली आले न्हाई. पाठ दुखते म्हणाले."

 गच्चीवरचं ते मशीन, त्या टाळ्या, मिश्यांवरून केलेला विनोद, सगळं एकदम अंगावर आलं. भावाच्या सुतकाचे केस अप्पांनी आमच्या हसण्यात उतरवून घेतले होते.

"आमाला म्हाईत न्हवतं हो अप्पा," मी म्हणाले.

"तुमी चांगलंच केलं," अप्पा पहिल्यांदाच बोलले. "जेवू घातलं. ठेवून घेतलं. कोण ठेवतं?" मग बाजेची सैल दोरी ओढत म्हणाले, "पर मी चालत निघालो होतो, सूनबाई. चार दिवसांत पोचलो असतो."

दुसऱ्या वर्षी पुन्हा बंद होणार असं ऐकलं तेव्हा त्यांना रात्रभर झोप लागली नव्हती. घरी आता कुणी नव्हतं, दोन म्हशींशिवाय. तरी पहिल्या गाडीनं निघाले. तेव्हापासून अप्पांनी ठरवूनच टाकलं. जिथून चालत परत येता येत नाही, तिथं जायचं नाही. आळंदचा बाजारसुद्धा सोडला.

"आता काही लागत न्हाई, अप्पा," मी म्हणाले. "निसत्या वावड्या हाईत."

"पैल्या साली बी असंच म्हणत होते," ते म्हणाले. रागानं नाही. पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं.

अव्वांनी देवीसाठी खण आणि नारळ दिला. त्या यायला तयार होत्या, पण यांना टाकून कशी येऊ, म्हणाल्या. मी तेव्हा आग्रह केला नाही. आग्रहाची मला भीतीच बसली होती.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो ओसरीवर बसून राहिला. "सांगायचं तरी त्यांनी," म्हणाला. मग थोड्या वेळानं, "सांगितलं असतं तर आईनं काय केलं असतं गं?"  सासूबाई मायाळू होत्या. पण सोवळ्याओवळ्याला कडक होत्या, हेही खरं. मुळात घरी कोण आहे, कुणाला मागं ठेवून आलात, हे त्या महिनाभरात आमच्यापैकी एकानंही विचारलं नव्हतं. अप्पा पायरी उतरत होते तेव्हाही नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेला जाण्याआधी मी शेजारी गेले. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. मी तिला सगळं सांगितलं, आणि म्हणाले, "ते तुमच्या बोलण्यानं गेले नव्हते." ती हातातलं ओलं लुगडं तसंच धरून उभी राहिली. मी वाट बघत होते की ती सुटल्यासारखी दिसेल. तसं झालं नाही.

"तुमच्या सासूबाईला हे कळायला पायजे होतं," ती म्हणाली. "शेवटच्याला पाणी सुदिक पाजू दिलं न्हाई त्यांनी मला."

मी तिच्या हातातून लुगड्याचं दुसरं टोक घेतलं. दोघींनी मिळून ते पिळलं आणि तारेवर टाकलं. रस्त्यावरून देवळाकडं जाणारी गर्दी चालली होती, आंध्राच्या, कर्नाटकच्या गाड्या, कुणाच्याच तोंडाला मास्क नव्हता.