पत्र्याची बादली आणि आईचं लिंबू

हैदराबादेत ज्याच्या मालकीची कुंडीभर का होईना माती आहे, त्याच्या मातीत माझ्या मामेसासऱ्यांनी एकदा तरी हात घातलेलाच आहे. सरकारी माती-प्रयोगशाळेतून ते कधीच निवृत्त झाले, पण माती काही सुटली नाही. चिक्कडपल्लीच्या त्यांच्या घरी गेलं की पाण्याआधी चपलांचे तळ तपासले जातात.

नमुना घेणं हा त्यांचा धर्म. शेतात ठिकठिकाणची माती घ्यायची, कापडावर मिसळायची, तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे आणि मूठभर उरेपर्यंत हेच करत राहायचं. सुलतान बाजारात ते तूरडाळही अशीच घेतात. त्यांचा हात पोत्याच्या तळाशी गेला की दुकानदार दुसरीकडे बघतो. माझं लग्न ठरताना त्यांनी पुण्याला येऊन आमच्या गल्लीच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये चौकशी केली, निम्मी माहिती टाकून दिली आणि उरलेल्यावरून मला पसंत केलं. टाकलेल्या निम्म्यात काय होतं, हे त्यांनी आजवर सांगितलेलं नाही.

दुसरं वेड लोखंड आणि जस्ताचं. झाडाला दोन्ही लागतात चिमूटभर, त्यामुळे नमुन्याला लोखंडी खुरपं किंवा जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची बादली लागली, की मोजमाप बिघडलंच. म्हणून मामींची लाकडी उलथनी एकेक करून मामांच्या पिशवीत गेली आहेत.

बरकतपुऱ्याच्या आमच्या गच्चीवर पिंपात लिंबाचं झाड आहे. आई शेवटची आली तेव्हा पुण्याहून ते रोप मांडीवर ठेवून घेऊन आली होती. ती गेली आणि काही महिन्यांनी झाडाची कोवळी पानं पिवळी पडू लागली, नुसत्या शिरा हिरव्या. शेजारणीच्या सांगण्यावरून मी गंजके खिळे पुरले, उपयोग शून्य. आता हेही जाणार म्हणून एका सकाळी मी गच्चीवर रडत बसले होते, तेवढ्यात मामा आले.

"रडू नक्को बेटा," ते म्हणाले. "मट्टीत लोखंड ढीगभर आहे. मुळाला मिळतंय किती, ते बघू."

माती सावलीत वाळवून त्यांनी जुन्या प्रयोगशाळेत नेली. तिथल्या द्रावणात ती दोन तास हलवली, की मुळांना उचलता येईल साधारण तेवढंच लोखंड आणि जस्त त्यात उतरतं. आकडे आले, तर जस्ताची जणू खाणच.  मग मामा म्हणाले, मला रडताना पाहून त्यांनी घाईत आमच्या गच्चीवरची पत्र्याची बादलीच उचलली होती. ज्या बादलीवरून ते जन्मभर शेतकऱ्यांना रागावले, तीच. नमुना फेकून ते उलथनं घेऊन पुन्हा आले. माझ्यापायी त्यांचा नेम मोडला, हे आठवलं की मला अजून भरून येतं.

या वेळी जस्त ठीक निघालं. बोअरच्या पाण्यातल्या चुन्यामुळे लोखंड मात्र मुळांना मिळत नव्हतं. मामांनी ते पाणी बंद करवलं, मुळांना घेता येईल असं लोखंड आणून दिलं, आणि नवी पानं हिरवी आली.

आता मामांच्या गुडघ्यांना आमचा जिना झेपत नाही, म्हणून परवा झाडाचं पहिलं लिंबू मीच त्यांच्याकडे नेलं. सवयीने त्यांनी चार फोडी केल्या आणि समोरासमोरच्या दोन बाजूला सारल्या. मग थांबले आणि त्या परत ताटलीत ओढल्या.

"यातलं काही टाकायचं नाही," ते म्हणाले.

मामींनी मीठ आणलं, आणि आम्ही चारही फोडी चोखून संपवल्या.