नानांनी काढून घेतलेले रुमाल

आमच्या केमिकल कंपनीत सांडपाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या दाराशी एक तार बांधलेली होती. तिच्यावर रोज दहा-बारा रुमाल लटकत असायचे. वाळत घातलेले नव्हेत, जप्त केलेले. कामगार असो की मॅनेजर, रुमाल काढून घेतल्याशिवाय नाना कुणाला आत सोडत नसत. संध्याकाळी घरी जाताना ज्याचा त्याला परत मिळे.

नाना सारसोळ्याचे. खाडीतली मासळी कमी झाली तेव्हा होडी विकून ते कंपनीत लागले आणि टाकीवरच्या सुरक्षेचं काम त्यांच्याकडे आलं. टाकीत सडक्या अंड्यांसारख्या वासाचा विषारी गॅस साठायचा. ओला रुमाल नाकाला बांधला की झालं, अशी सगळ्यांची पक्की समजूत. मी इंजिनिअर, पण माझीही फारशी वेगळी नव्हती. नाना म्हणायचे, "रुमालान वास अडतो, गॅस नाय. आनि वास येतोय तवर बरा हाय. येयाचा बंद झाला का पळ." या गॅसने नाक बधिर होतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. नानांना कुणी शिकवलं, ठाऊक नाही.

एकदा नाना जेवायला गेले असताना मी दत्ता नावाच्या कामगाराला पंप बघायला टाकीत खाली उतरवलं. दोन मिनिटांचं तर काम, म्हटलं. तो शिडीच्या पायथ्याशी कोसळला. मी तारेवरचा माझा रुमाल ओढला, नळाखाली भिजवला आणि शिडीकडे धावलो. तेवढ्यात परतलेल्या नानांनी कॉलर धरून मला मागे खेचलं. एरवी ते मला साहेब म्हणायचे.

"तू पन पडलास त मंग दोगांना कोन काढंल?"

मग त्यांनी हवेचं सिलिंडर पाठीवर चढवलं, मास्क लावला, पट्टे आवळले, हवेच्या दाबाचा काटा पाहिला आणि कमरेच्या दोराचं टोक माझ्या हातात दिलं. याला दोन मिनिटं लागली असतील. तेवढ्या वेळात मी त्यांना नाही नाही ते बोललो. मला राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. त्यांनी एकही पट्टा सैल सोडला नाही.

दत्ताला त्यांनी वर आणलं. तो वाचला. दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेलो, तर माझा रुमाल पुढे करून म्हणाले, घरी न्या साहेब, आणि आता घरीच ठेवा.

गेल्या महिन्यात नाना गेले. सारसोळ्याच्या स्मशानात कंपनीतली माणसं एका कडेला उभी होती. दत्ताने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मीही खिशात हात घातला. रुमाल बाळगायची सवय आमच्यापैकी कुणालाच उरली नव्हती.