आत्याजवळ राहिलेलं नाव

विमान अजून कुठंच नव्हतं. होतं ते भिंतीवरच्या चित्रात, अन् साहेबांच्या केबिनमधल्या काचेच्या पेटीतल्या हातभर नमुन्यात. सरकारनं होय म्हटलं तर तीन कंपन्या मिळून ते लढाऊ विमान बांधणार होत्या. पण नाव आत्ताच पाहिजे होतं. प्रत्येक कंपनीनं आपल्या कामगारांकडून एक नाव निवडायचं, अन् मग तिघींनी बसून त्यातलं एक ठेवायचं. मिहानच्या उद्योगवसाहतीतल्या त्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषयच राहिला नव्हता.

"सावजी ठेवा म्हना," काजल डबा उघडत म्हणाली. "दुश्मनाच्या नाकातोंडातून पानी निंगलं पाहिजे."

"अन् मागून जाळ!" पलीकडच्या टेबलावरून कवडू ओरडला, अन् सारी कँटीन हसली.

"तू काहून चुप वं माया? तू त सांग एखादं."

मायाच्या तोंडाशी एक नाव आलं होतं. तिनं ते भाकरीच्या घासासंगं गिळलं.

माया टिमकी मोहल्ल्यातल्या कोष्ट्याची पोर. बापाच्या हातमागाच्या खटखटीत वाढलेली. माग विकला गेला, बापही गेला, पण कापड ओळखणारे हात राहिले. त्याच हातांनी ती आता दुसऱ्या विमानांच्या भागांसाठी साच्यावर कार्बनचं काळं कापड थरावर थर अंथरायची, सुरकुती पडू न देता. पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा तिची माय गोदूबाई म्हणाली होती, "कापडाचं विमान? पान्यात भिजन न वं ते!"

तिच्याजवळचं नाव विमानाचं नव्हतंच. ते होतं तिच्या भावाच्या लेकराचं.

अंकुश तिचा पाठचा भाऊ, प्रीती त्याची बायको. लग्नानंतर किती वर्षं वाट पाहून त्यांना पोरगा झाला. काय आवाज होता त्या पोट्ट्याचा! इस्पितळातला सारा वार्ड उठवला त्यानं. नर्स म्हणाली, याले भोंग्याची गरज नाही. मायानं तिथंच, खाटेच्या कडेला उभ्या उभ्या, मनात नाव धरलं. नाव ठेवायचा मान आत्याचा. अन् पाळण्यात बाळाच्या कानात सांगेपर्यंत आत्यानं ते कोणाला सांगायचं नाही, ही घरची रीत.

प्रीतीनं काय कमी गळ घातली! "ताई, पयलं अक्षर तरी सांगा न."

"नाई म्हंजे नाई. बाराव्या दिवशी आईक. अन् तवा मले धपाटे जरा हळू मारजो, तुह्या हाताले भल्ला जोर हाय."

कानात कुर्र करून आत्या नाव सांगते, तेव्हा भोवतीच्या बाया तिच्या पाठीत बुक्क्या मारतात. त्या बुक्क्यांसाठीही माया आतुर झाली होती.

बारशाच्या आदल्या दिवशी पोराला ताप भरला. दुपारपर्यंत तो दूध ओढेना. संध्याकाळी अंकुश त्याला छातीशी धरून इस्पितळातून परत आला, अन् त्याच्या चालण्यावरूनच दारातल्या बायांना कळलं. पुरताना घाटावरच्या माणसानं नाव विचारलं. अंकुश म्हणाला, "बाळ."

घुगऱ्यांसाठी भिजवलेले चणे गंजात तसेच राहिले. चार दिवसांनी मायानं झाकण काढलं, तर एकेका चण्याला पांढरा मोड आलेला. तिनं तो गंज तसाच गच्च झाकला. दुसरं लेकरू मग झालं नाही. अन् ते नाव कोणी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. सांगायचं तरी कसं? ज्याच्या कानात सांगायचं, तो कान मातीत गेला होता.

नावं द्यायच्या शेवटच्या दिवशी काजलनं पुन्हा छेडलं. या बारीनं मायाच्या तोंडून ते निघून गेलं.

"निनाद."

आपलाच आवाज ऐकून ती दचकली. इतकी वर्षं आत कोंडलेलं नाव बाहेर आलं, अन् कँटीनमध्ये कोणालाच काही झालं नाही. काजल फक्त म्हणाली, "वा वं! गरजनारं हाय." मायाला वाटलं, ठीक आहे. मातीत गेलं त्याला नाव नाही मिळालं, आभाळात जाईल त्याला मिळू दे. टिमकीवरून गरजत जाईल, तेव्हा लोक वर मान करून त्याच नावानं बोट दाखवतील. प्रीतीला आधी विचारावं असं एकदा मनात आलं होतं. पण त्या घरात तो विषय काढायचा म्हणजे भरलेल्या जखमेची खपली काढायची. ती कचरली.

कारखान्यानं तिनं लिहून दिलेलंच नाव निवडलं. पेटीतल्या नमुन्याजवळ उभं करून तिचा फोटो काढला. पेपरात आला. अंकुशनं तो नातेवाइकांना पाठवला.

रविवारी माया संत्रा बर्फी घेऊन टिमकीला भावाच्या घरी गेली. प्रीती ओट्याशी भाजी निवडत होती. डब्याकडे तिनं पाहिलंही नाही.

"ताई, हे नाव तुमाले कधी सुचलं?"

मायाला खोटं बोलता आलं नाही. ती खाली बसली.

"त्याचंच होतं न?" प्रीती म्हणाली. "माह्या पोराचं?"

"हो."

"मी माय होती त्याची. मले नाई सांगितलं. अन् कारखान्यातल्या साऱ्या दुनियेले सांगितलं. पेपरात वाचलं मी. भाजीवालीनं पुडी बांधून देल्ली त्या पेपरात!"

"प्रीती, मले वाटलं..."

"एक नाव असतं मले, त हाका मारल्या असत्या न त्याले. मनातल्या मनात. इतके वर्स मी कोनाच्या नावानं रडली, सांगा. बाळ? बाळ त कोनाचंही असते. अन् आता ते नाव बॉम्ब टाकाले जाईन. मानसं मारन माह्या पोराच्या नावानं."

दारात उभ्या गोदूबाईनं पदर तोंडाला लावला. माया उठली. बर्फीचा डबा तिथंच राहिला.

त्यानंतर ती साच्यावर कापड अंथरी, पण जीव थाऱ्यावर नव्हता. हे विमान उडूच नये, असं तिच्या मनात येई. मग आजूबाजूला पोट भरणाऱ्या पोरी दिसत, अन् तिलाच शरम वाटे.

दिवाळीआधी फलकावर कागद लागला. तीन कंपन्यांची तीन नावं, अन् कोणीच मागं हटायला तयार नव्हतं. तेव्हा विमान तयार होऊन उडेपर्यंत त्याला नुसता नंबरच राहील. सुचवलेली नावं रद्द.

"घ्या!" काजल कपाळाला हात लावून म्हणाली. "साऱ्या बारशाचा सत्यानास. बिननावाचंच राहिलं बापा पोट्टं."

माया तिच्याकडे पाहत राहिली. मग तिनं हातमोजे काढून टेबलावर ठेवले, सुट्टी मागितली अन् बस पकडून थेट टिमकी गाठली.

प्रीती अंगणात पाठमोरी बसून दिव्यात घालायच्या वाती वळत होती. पावलं ओळखूनही तिनं मान वळवली नाही.

"रद्द झालं ते," माया म्हणाली. "विमानाचं नाई आता ते नाव. कोनाचंच नाई."

प्रीतीचा हात थांबला.

माया तिच्या मागं गुडघ्यावर बसली. वाकली. तिच्या कानाशी तोंड नेऊन, पाळण्यात सांगतात तसं, आधी कुर्र केलं. मग त्या कानात पोराचं नाव सांगितलं.

प्रीती वळली. तिची मूठ मायाच्या पाठीत बसली. एक. मग आणखी एक, त्याहून जोरात. मग ती मारतच सुटली. गोदूबाई आतून धावत आली अन् दारातच थांबली. माया पाठ वाकवून तशीच बसून राहिली, हललीसुद्धा नाही.

हात थकल्यावर प्रीतीनं त्याच पाठीवर डोकं टेकलं.

"आखीन एक डाव सांगा," ती म्हणाली.