साडूभाऊंची मतचाचणी

जगात कुणाच्याही 'हो'वर विश्वास न ठेवणारा माणूस पाहायचा असेल, तर आमचे साडूभाऊ पाहावेत. सौदीतल्या जेद्द्यात समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या एका कारखान्यात ते प्रेशर गेज तपासत आणि मी तिथेच एचआरमध्ये होतो. बावीस वर्षं खोटे काटे पकडून पकडून त्यांची नजरच तशी झाली होती. बायकोने "आमटी कशी झालीय?" असं विचारलं तर म्हणत, "समोर उभी राहून विचारतेस, मग खरं कोण सांगणार?" एकदा मेसच्या जेवणाबद्दल सगळ्यांची मतं मागवली होती. ठेकेदार स्वतः शेजारी उभा राहून फॉर्म भरून घेत होता, तेव्हा आम्ही सगळ्यांनी निमूटपणे 'उत्तम' लिहिलं. एकट्या साडूभाऊंनी फॉर्म कोराच परत केला. डाळ पुढे वर्षभर तशीच पातळ राहिली.

त्यांची थोरली लेक अमेरिकेत, आणि जावई तिथल्या एका राज्याच्या गव्हर्नरच्या कचेरीत नोकरीला. निवडणूक आली तसे साडूभाऊ मतचाचण्यांच्या मागे लागले. दर शुक्रवारी जेवणं झाली की मला समोर बसवून ते एकेक चाचणी उसवत. गव्हर्नर चार टक्क्यांनी पुढे आहे, असं लेक आनंदाने कळवायची. "तीन टक्के इकडेतिकडे होतील, असं तेच खाली बारीक अक्षरात लिहितात," साडूभाऊ म्हणत. "आणि विचारलं कुणाला? ज्यांनी फोन उचलला त्यांना. न उचलणारे काय मत देत नाहीत?" 'अजून ठरलेलं नाही' असं सांगणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. "ठरलंय रे. सांगायची लाज वाटतेय, एवढंच." असं करत करत त्यांनी गव्हर्नरला घरबसल्या पाडलं आणि जावयाला दुसरी नोकरी बघायला लावली. गव्हर्नर आरामात निवडून आला. साडूभाऊंना त्याचं काही नाही. "या खेपेला खरं बोलले," ते म्हणाले, "म्हणजे पुढच्या खेपेला जास्त सांभाळायला हवं."

त्याच महिन्यात आमच्याकडे सौदीकरणाची, म्हणजे परदेशी माणसं काढून त्यांच्या जागी सौदी घ्यायची, यादी तयार झाली. कुणाचा इकामा, म्हणजे राहायचा परवाना, वाढणार आणि कुणाचं खलास, हे रविवारपर्यंत तोंडातून काढायचं नाही, अशी मला ताकीद होती. साडूभाऊंची धाकटी जेद्द्यातल्याच शाळेत बारावीला होती. मध्येच गाशा गुंडाळावा लागला तर पोरीचं वर्ष जाणार होतं. त्या शुक्रवारी ते आले ते स्वतःच चाचणी घेऊन.

"पंधरा जणांना विचारलं. सगळे म्हणाले, तुम्हाला कोण काढतंय? तुला काय वाटतं?"

त्यांचं नाव यादीत कितव्या ओळीवर आहे, तेसुद्धा मला पाठ होतं. मी म्हटलं, "छे हो, तुम्हाला ठेवतील."

ते हसले. "त्या पंधरा जणांनी पटकन सांगितलं. तू आधी चहाचा कप खाली ठेवलास."

मग बराच वेळ आम्ही क्रिकेटबद्दल बोललो. निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "त्यांना माहीत नाही, म्हणून त्यांचं ते मत. तुझं मत नव्हतं रे." रविवारी यादी लागली तेव्हा त्यांच्या घरातलं निम्मं सामान बांधून झालं होतं.

आता ते नाशिकला असतात. धाकटीचं वर्ष गेलंच. मी त्यांच्या तोंडावर खोटं बोललो ते त्यांनी कधी काढलं नाही. मलाच राहून राहून वाईट वाटतं. मी फोनवर "कसे आहात?" विचारतो, तेव्हा हल्ली ते उत्तर द्यायला जरा वेळ लावतात. तेवढ्यात मीच दुसरं काहीतरी विचारून टाकतो.