तिले शांत घर पाहिजे

ताई गेल्यापासून आमच्या नागभीडच्या गॅरेजात मला कोणी "कसा आहेस?" विचारत नाही. मी काय उत्तर देईन, याची भीती वाटत असेल. मग विचारतात, "मांजर कसं आहे?" त्याचं उत्तर देता येतं. ते देता देता इतके किस्से जमले, की आता सांगूनच थकलो.

ताई मुलचेऱ्याकडे नर्स होती. एका बंगाली घरात भाड्याने राहायची. तापाने गेली. महिन्याने तिचं सामान आणायला गेलो, तर खाटेखाली तिची मांजर. सहा वर्षांची मनी.

घरमालकीण मावशी म्हणाल्या, "लय भित्री आहे. तिले शांत घर पाहिजे."

"घरी माय अन् मी. माय तं ताई गेल्यापासून एक शब्द बोलली नाई. याहून शांत घर कुठी भेटन?" म्हणालो आणि विचार न करता पिशवीत घातली.

एसटीत मनी गप्प. कंडक्टरने आधी पिशवीत पाहिलं, मग माझ्याकडे. "मांजर चूप आहे अन् तुम्हीच रडून राह्यले!"

*

घरी आल्याबरोबर ती तांदळाच्या ड्रममागे शिरली. चार दिवस दुधाला तोंड लावलं नाही. पाचव्या दिवशी मी हात घालून ओढायला गेलो. दोन्ही हात सोलून निघाले.

गॅरेजमालक रफीकभाईंनी हात पाहिले. "काऊन बे, चुपचाप लग्न केलं का?"

*

मनी म्हणा, पूस पूस म्हणा, ढिम्म! शेवटी चिडून मावशींना फोन लावला. "ताई हिले काय म्हणून बोलवे?"

"आय आय म्हणायची."

माझं डोकं फिरलं. "मांजरीले आई म्हने?"

"अरे बाबू, आमच्या बंगालीत आय म्हणजे ये!"

फोन ठेवून मी ड्रमजवळ बसलो. "आय, आय, आय!" मनीचं नाक बाहेर आलं. मागे पाहतो तर माय, हाताला पीठ, दारात उभी.

एका हाकेत दोघी!

*

रफीकभाई घरी डबा द्यायला आले, तेव्हा त्यांच्या फटफटीने मनी परत दोन दिवस गायब. तेव्हापासून ते वळणावरच इंजिन बंद करून गाडी ढकलत आणतात. गल्लीतली पोरं ओरडतात, "मेकॅनिकचीच गाडी बंद!"

रफीकभाई कुजबुजतात, "हळू बोला बे. बाई घाबरतात."

*

एवढं करून मनी दोन घास खायची आणि आत शिरायची. मायचंही तेच, दोन घास आणि भिंतीकडे तोंड. एका दुपारी मी वैतागलो. दोघींचं मला झेपत नव्हतं. मनीला परत मुलचेऱ्याला सोडायचं ठरवलं आणि पिशवी घेऊन घरी आलो.

तेवढ्यात फाटकाशी वरोऱ्याची आत्या उतरली. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे तिला आधी येता आलं नव्हतं. आमच्याकडच्या रीतीने तिने फाटकापासूनच हंबरडा फोडला, "कुठी गेली वो माझी पोर!"

मी तिला धरून आत आणलं. माय जमिनीवर बसली होती. पदराच्या टोकावर मनी, अंगाचं वेटोळं करून, डोळे मिटून.

आत्या गळ्यात पडायला वाकली, तशी मायने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू ना, बाई. पोरगी आत्ताच झोपली."