ताईने न घेतलेलं औषध

माझी थोरली बहीण पाळणाघर चालवते आणि स्वच्छतेचा तिला भारी तोरा. पुसलेली फरशी पुन्हा पुसेल, वाळलेली चादर पुन्हा धुवेल. तिच्याच पाळणाघरात पोरांना जंत झाले, तेव्हा तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

सुतासारखे बारीक जंत. दुपारी निजलेली पोरं खाजवत रडत उठायची. डॉक्टरांनी बजावलं, पोरांसकट घरातल्या सगळ्यांनी आणि सांभाळणाऱ्यांनीही एकाच दिवशी औषध घ्यायचं, पंधरा दिवसांनी पुन्हा. ताईने एकेका आईबापाला दारात अडवून ते घ्यायला लावलं. तरी महिन्याभरात खाज परत हजर.

मग सगळ्यांनी बोट दाखवलं पाळणाघरात येणाऱ्या इस्त्रीवालीच्या लेकीकडे. का, तर ती अनवाणी येते. अहो, हे जंत पायांतून नाही, बोटांवरून तोंडात जातात. पण ऐकतंय कोण! दोघा आईबापांनी आपली पोरं काढून न्यायची धमकी दिली आणि ताईने नांगी टाकली.

"ताई, तापल्या इस्त्रीपाशी हिला कुठं ठेवू?" इस्त्रीवाली म्हणाली.

"थोडेच दिवस गं. हिची नखं तेवढी कापत जा," ताई म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

पोरगी गेली, खाज गेली नाही. एका दुपारी मी मदतीला गेले, तर बाईसाहेब एकाच वाडग्यातून सगळ्यांना हाताने भरवतायत आणि स्टुलावर बसल्या बसल्या चुळबुळतायत.

"ताई, तू औषध घेतलंस ना?"

"मला काय धाड भरलीय? दिवसभर हात धुते मी."

"आणि ही चुळबुळ?"

"उष्णता आहे."

मी कपाळावर हात मारला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! सख्खी बहीण असली म्हणून काय झालं, इतका संताप आला की समोर बसून औषध गिळायला लावलं. पंधरा दिवसांनी पुन्हा. सोबतच पोरांना आणि त्यांच्या घरच्यांनाही पुन्हा दिलं. या खेपेला खाज गेली ती गेलीच.

ताई तोंड पाडून इस्त्रीच्या टपरीवर गेली, मी मागोमाग. पोरगी टेबलाखाली गठ्ठ्यांत बसली होती. ताईला बघताच बाहेर आली आणि न सांगता तिने दोन्ही हात पुढे केले. नखं मुळापर्यंत कापलेली, एका बोटाला रक्त सुकलेलं.

"रोज मला कापायला लावते," इस्त्रीवाली म्हणाली. "म्हणते, अजून थोडी राहिलीत, म्हणून मावशी पाळणाघरात बोलवत नाहीत."