बिननावाच्या रेघा

दोन्ही पाय एकदम बुटात घालायचे. शिंक आली की दाबून धरायची आणि दुसरी आल्यावर दोन्ही उरकून टाकायच्या. सकाळी जिन्यात उभं राहून वरच्या-खालच्या सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एकच नमस्कार ठोकायचा. काकांच्या या सवयी. छापखान्यात त्यांना सगळे ‘एकदमराव’ म्हणत.

गणिताच्या पुस्तकांसाठी आलेख काढणं हे त्यांचं काम. शेजारच्या टेबलावर प्रुफं तपासणारी मुलगी बसायची. साहित्य शिकलेली, नोकरीत नवी. संगणकाच्या पडद्यावर एकाच चौकटीत सहा सूत्रांच्या सहा रेघा एका क्षणात उमटलेल्या पाहून तिने आ वासला.

“एकेक काढत नाही?”

“छे! पुन्हा पुन्हा तेच सांगायला यंत्र काय बहिरं आहे? आकड्यांचा एक उभा रकाना मांडायचा. शेजारी सहा सूत्रांचे सहा रकाने. अख्खा तक्ता एका हुकमात भरतो. जितके रकाने तितक्या रेघा!”

घरीही त्यांनी हाच हिशेब लावला. काकूंचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस आणि काकूंच्या मामांची शोकसभा त्यांनी एकाच दुपारी, एकाच केकवर उरकली. काकू तडक समोरच्या रस्त्यावर राहणाऱ्या बहिणीकडे निघून गेल्या.

काकांनी ऑफिसातूनच फोन लावला. “अगं, झाल्या गेल्या सगळ्याबद्दल माफ कर.”

“सगळ्याबद्दल म्हणजे कशाकशाबद्दल?” काकूंचा आवाज प्रुफांपर्यंत पोचला.

“एकदम सगळ्याबद्दल.”

“एकेक सांगा. तोवर मी इथेच.”

फोन बंद. काकांचा चेहरा उतरला. दोन दिवस डब्यातला भात ते नुसता चिवडत होते.

“काका, एकेक सांगून तर पाहा,” मुलगी म्हणाली.

“जमत नाही गं. एक चूक बोलायला घेतली की बाकीच्या घशात गर्दी करतात.”

मग त्यांनी तोडगा काढला. लग्नापासूनची वर्षं आडवी, चुकांचं वजन उभं, आणि प्रत्येक चुकीची एक रेघ. सगळ्या एका झटक्यात. रंगीत छापून कागद पाठवून दिला. तो तसाच परत आला. वर काकूंचं अक्षर: ‘यातली लाल कोणती?’

रेघांना नावं द्यायची राहिली होती. आणि नावं काही एका हुकमात सुचत नाहीत.

संध्याकाळी काका मेव्हणीच्या दारात उभे राहिले. धीर द्यायला मुलगी मागे होती. काकूंनी दार अर्धंच उघडलं.

“ही लाल,” काकांनी बोट ठेवलं. “तुझा वाढदिवस.”

“हं.”

“निळी... मामा.” बोट पुढे सरकलं. “हिरवी, तुझं बोलणं संपायच्या आत दिलेली उत्तरं.”

काकूंनी हिरवीवरून टोकापर्यंत बोट फिरवलं. बाकी रेघांपेक्षा ती कितीतरी उंच गेली होती.

“तुम्हाला माहीत होतं तर!” त्या म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या. “चला घरी. उरलेल्या तिथे सांगा.”

तो कागद अजून त्यांच्या जेवणाच्या टेबलावर आहे. तीन रेघा बिननावाच्याच. काकूंनी विचारलं की काका म्हणतात, “त्या एकदम सांगतो.”